कॅथेटर कोणाचा? सर्पदंशाच्या रुग्णातील डायलिसिस कॅथेटर संसर्गाचे एक प्रकरण

हे प्रकरण नागपुरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयातील आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, महिना आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि निर्णयांच्या वेळा मात्र नोंदींप्रमाणेच ठेवल्या आहेत. प्रस्तुत लेखक त्या काळात आयसीयूत काम करत होता आणि रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीवरही होता, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतल्या काहींचा तो साक्षीदार नव्हे, तर वाटेकरी आहे.

पार्श्वभूमी

काटोल भागातील ४६ वर्षांचा एक शेतकरी पावसाळ्यात, दिवेलागणीला, संत्र्याच्या बागेतील मोटर सुरू करायला गेला असताना त्याच्या डाव्या पावलाला घोणस चावली. घरच्यांनी वेळ न दवडता त्याला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेले आणि तेथे प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या देऊन त्याला नागपूरला पाठवण्यात आले. विदर्भातील आयसीयूंना हा रुग्ण अनोळखी नाही. घोणसीचे विष रक्त गोठवणारे घटक संपवते आणि मूत्रपिंडांनाही इजा करते. त्यामुळे अशा रुग्णात डायलिसिसची गरज नेमकी तेव्हा उभी राहते, जेव्हा त्यासाठी मोठ्या शिरेत सुई घालून कॅथेटर, म्हणजे नळी, बसवणे सर्वाधिक धोक्याचे असते.

आमच्याकडे आला तेव्हा काचेच्या नळीतील रक्त २० मिनिटांनंतरही गोठत नव्हते आणि प्लेटलेट ३८,००० होत्या. प्रतिसर्पविषाची दुसरी मात्रा दिली. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत लघवी जवळजवळ थांबली, पोटॅशियम ६.८ या धोकादायक पातळीवर गेले, फुप्फुसांत पाणी साचू लागले आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. डायलिसिस लवकर सुरू करावे की वाट पाहावी, हा वाद गेल्या काही वर्षांत बराच निवळला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टार्ट-एकेआय' या बहुराष्ट्रीय चाचणीत घाईने सुरू केलेल्या डायलिसिसमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. जो कॅथेटर टाकलाच नाही त्याला संसर्ग होत नाही, म्हणून हा मुद्दा संसर्गाच्या चर्चेतही पहिला येतो. परंतु या रुग्णात वाट पाहण्यास जागा नव्हती आणि त्या निर्णयाबद्दल नंतरही कोणी शंका घेतली नाही.

पहिला निर्णय: मान की मांडी

मूत्रपिंडांच्या तीव्र इजेसाठी २०१२ मध्ये आलेल्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविकार संस्थेच्या मार्गदर्शिकेचा क्रम सर्वांना पाठ असतो: आधी मानेतील उजवी शीर, मग मांडीतील शीर, त्यानंतर मानेतील डावी आणि गळपट्टीच्या हाडाखालची शीर सर्वांत शेवटी. तरीही आम्ही मांडी निवडली, कारण रक्त गोठत नसताना मानेत रक्तस्राव झाला तर तो श्वासनलिकेभोवती साचतो, तर मांडीत बाहेरून दाब देऊन तो थांबवता येतो. डाव्या पायाला सूज आणि फोड होते, म्हणून उजवी बाजू घेतली. पहाटे दोन वाजता, अल्ट्रासाउंडच्या मदतीने, एकाच टोचणीत दोन नळ्यांचा कॅथेटर बसला. टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक हातमोजे, रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत झाकणारी चादर आणि अल्कोहोलमधील दोन टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) हे सगळे वापरल्याची नोंद आहे आणि ती खरी आहे, हे तेव्हा हजर असलेल्या सिस्टरने स्वतंत्रपणे सांगितले.

मांडीची निवड तेव्हा बरोबर होती. तिच्याबरोबर आणखी एक ओळ लिहायला हवी होती: रक्त गोठू लागल्यावर या जागेचा फेरविचार कोण करणार आणि कधी. ती ओळ लिहिली गेली नाही.

अडचण कशी वाढत गेली

दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी सहा-सहा तासांचे संथ डायलिसिस झाले. चौथ्या दिवशी रक्त गोठण्याची चाचणी सुधारली होती आणि प्लेटलेट ८२,००० वर आल्या होत्या. म्हणजे ज्या कारणासाठी मान टाळली होती ते कारण चौथ्या दिवशी संपले होते. त्या दिवसाच्या राउंडच्या नोंदीत व्हेंटिलेटर, पायाची जखम, लघवी आणि पोटॅशियम यांबद्दल सविस्तर लिहिले आहे. कॅथेटरबद्दल फक्त 'चालू' एवढाच शब्द आहे.

त्याच दिवशी नळीतून दिलेला आहार पचेना आणि जुलाब सुरू झाले. जुलैतील नागपूरची दमट हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक असेल की आयसीयूतील वातानुकूलन कितीही चांगले असले तरी तापलेल्या, घामेजलेल्या रुग्णाच्या जांघेत पारदर्शक ड्रेसिंग नीट चिकटून राहत नाही. पाचव्या दिवशी ड्रेसिंगची खालची कड सुटली. ते बदलण्याऐवजी वरून चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या लावल्या गेल्या. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलायचे असा नियम भिंतीवर लावलेला होता. 'ओले, सुटलेले किंवा मळलेले असेल तर ताबडतोब' हे त्याच नियमाचे उरलेले अर्धे वाक्य त्या तक्त्यावर बारीक अक्षरांत होते. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या दिवशीच्या नोंदींत 'ड्रेसिंग ठीक' असेच लिहिलेले आहे.

याहून गंभीर गोष्ट रात्री घडत होती. सुजेमुळे हातांच्या शिरा सापडत नव्हत्या आणि रक्त गोठत नव्हते म्हणून औषधांसाठी मानेतील मोठ्या शिरेत घालतात ती साधी नळी, सेंट्रल लाइनही, टाकलेली नव्हती. तिसऱ्या रात्री एका सलाइनची शीर फुगली, प्रतिजैविकाची वेळ झाली होती, आणि ड्युटीवरील डॉक्टरांच्या तोंडी परवानगीने डायलिसिस कॅथेटरची निळी नळी उघडून औषध देण्यात आले. एकदाची उसनवारी म्हणून जे सुरू झाले ते पुढच्या चार दिवसांत रिवाज बनले. नंतर औषधांच्या आणि रक्त तपासणीच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा असे दिसले की तीन डायलिसिसमध्ये जोडणे आणि सोडणे मिळून कॅथेटरची तोंडे १२ वेळा उघडली गेली, तर डायलिसिसव्यतिरिक्त निदान १४ वेळा. या १४ पैकी एकाही वेळी तोंड कसे पुसले याची नोंद नाही. हेपरिनचे लॉक (नळीत रक्त गोठू नये म्हणून भरून ठेवलेले द्रावण) काढून टाकले का, पुन्हा भरले का, हेही कुठे लिहिलेले नाही.

ही बेपर्वाई नव्हती. आयसीयूतील सिस्टरना सेंट्रल लाइन हाताळण्याचे प्रशिक्षण दिलेले होते, पण डायलिसिस कॅथेटर हा 'डायलिसिसवाल्यांचा' आहे, अशी सर्वांची समजूत होती. डायलिसिस टेक्निशियन दुपारी चारला येत, मशीन जोडत, रात्री लॉक भरून टोपणे लावत आणि आपल्या विभागात परत जात. त्यांच्या लेखी ड्रेसिंग हे आयसीयूचे काम होते. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञ, डायलिसिसचे आदेश लिहीत आणि आयसीयूचे डॉक्टर बाकी सारे पाहत. दोन विभागांचा असलेला कॅथेटर अशा रीतीने कोणाचाच राहिला नव्हता.

सातवा दिवस

दुपारी चार वाजता चौथे डायलिसिस सुरू झाले. चाळीस मिनिटांनी रुग्णाला कडाक्याची हुडहुडी भरली आणि ताप १०२ अंशांवर गेला. डायलिसिस सुरू होताच थंडी वाजून येणे ही कॅथेटरमधील संसर्गाची जुनी, ओळखीची खूण आहे, कारण नळीच्या आतील थरात वाढलेले जंतू रक्तप्रवाह सुरू होताच एकदम शरीरात लोटले जातात. तरीही इतर कारणे समोर होती: व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया, पायाची चिघळणारी जखम आणि डायलिसिसच्या पाण्यातील दोष. पाण्याचा दोष लवकर बाजूला पडला, कारण त्याच दिवशी त्याच पाण्यावर डायलिसिस झालेल्या इतर कोणालाही त्रास झाला नव्हता. छातीच्या एक्स-रेत नवा डाग नव्हता. पायाची जखम मात्र संशयास्पदच होती, आणि पुढचा घोळ तिच्यामुळे झाला.

संध्याकाळी सहा वाजता ब्लड कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी रक्ताचे नमुने, घेतले गेले: कॅथेटरमधून आणि हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, सारख्याच मापाचे, प्रतिजैविक बदलण्यापूर्वी. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत नीट झालेली गोष्ट कोणती असे विचारले तर मी या जोडीच्या नमुन्यांकडे बोट दाखवीन, कारण त्यांच्याशिवाय पुढे पाय की कॅथेटर हा वाद मिटलाच नसता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय असा होता की डायलिसिस थांबवून कॅथेटर लगेच काढायचा. पोटॅशियम ५.४ होते, दिवसभराची लघवी जेमतेम ३०० मिलिलिटर होती. एक-दोन दिवस निभावता आले असते, पण खात्री नव्हती. दुसरा पर्याय म्हणजे कॅथेटर ठेवून त्यातूनच प्रतिजैविके देणे. तिसरा, जुन्या कॅथेटरमधून तार सरकवून तिच्यावरून त्याच जागी नवा कॅथेटर बसवणे. संसर्गाचा संशय असताना तात्पुरत्या कॅथेटरच्या बाबतीत ही वाट बंद समजली जाते, आणि येथे तर जांघेतील कातडीच ओली, मळलेली होती. चौथा, मानेत नवा कॅथेटर टाकून मांडीतील काढणे. परंतु रक्तात जंतू फिरत असताना टाकलेल्या नव्या नळीवरही तेच जंतू बसू शकतात. पोटातून डायलिसिस करण्याचा पाचवा पर्यायही कोणीतरी मांडला. मोठ्या शिरेची गरजच नसलेला तो मार्ग या रुग्णासाठी पहिल्या दिवसापासून विचार करण्याजोगा होता, पण आमच्याकडे ते तातडीने करण्याची सवय असलेले हात नव्हते.

त्या संध्याकाळी प्रत्यक्षात जे ठरले ते या पाचांपैकी कोणतेच नव्हते. 'एवढे एक डायलिसिस होऊन जाऊ दे, सकाळी पाहू' असे ठरले. ताप उतरवणारे आणि हुडहुडी थांबवणारे औषध देऊन डायलिसिस पूर्ण केले गेले. हे वाक्य फोनवर कोणी उच्चारले याला महत्त्व नाही. फोनच्या दोन्ही टोकांना ते पटले होते, आणि त्यातील एका टोकाला मी होतो. पाय हे कारण असू शकते या शक्यतेने आम्हाला थांबण्याची सबब दिली.

केलेली कृती

रात्री साडेदहाला मेरोपेनेम हे प्रतिजैविक सुरू झाले, तेही त्याच कॅथेटरमधून. एक वाजता रक्तदाब घसरला. तो सावरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलीनची गरज पडली तेव्हा लक्षात आले की भरवशाची दुसरी शीरच नाही, म्हणजे ज्या नळीचा संशय होता तिच्यावरच आता रुग्णाचा रक्तदाब अवलंबून होता. ड्युटीवरील डॉक्टरांनी अल्ट्रासाउंड लावून दंडातील खोल शिरेत साधी, लांब सुई बसवली आणि दर तासाला जागा तपासण्याच्या अटीवर नॉरअ‍ॅड्रेनलीन तेथून सुरू केले. जी शीर पाच दिवस सापडत नव्हती ती अल्ट्रासाउंडखाली दहा मिनिटांत सापडली. हाच प्रयत्न तिसऱ्या रात्री झाला असता तर उसनवारीची सुरुवातच झाली नसती.

पहाटे कल्चर मशीनने कौल दिला. कॅथेटरमधील नमुना नऊ तासांत, तर हातातील नमुना साडेबारा तासांत वाढ दाखवत होता. दोन तासांहून अधिक फरक हा कॅथेटरच संसर्गाचे मूळ असल्याचा सबळ पुरावा मानला जातो. पहिला नमुना वाढताच तीन वाजता प्रयोगशाळेतून फोन आला होता. दुसऱ्याची वाट न पाहता तेव्हाच कॅथेटर काढता आला असता, पण तो निघाला साडेसहाला, दुसऱ्या नमुन्याचा फोन आल्यावर. हुडहुडी भरल्यापासून जवळजवळ १४ तास गेले होते. दोन्ही नमुन्यांत आणि कॅथेटरच्या टोकावर एकच जंतू वाढला: क्लेब्सिएला न्यूमोनिए. तो मेरोपेनेमला दाद देणारा निघाला, हे नशीब. आपल्याकडील आयसीयूंत या जंतूच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

त्यानंतर मुद्दाम ३६ तास मोठ्या शिरेत कोणतीही नळी ठेवली नाही. पोटॅशियम इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलची वाफ आणि पोटॅशियम बांधून ठेवणारी पूड यांवर रोखले, द्रव मोजून दिले, दर चार तासांनी तपासणी केली. मांडीच्या शिरेचा डॉप्लर करून आत जंतूंनी भरलेली गुठळी नाही याची खात्री केली. पोटॅशियम ६.१ झाले तेव्हा नवव्या दिवशी संध्याकाळी मानेतील उजव्या शिरेत नवा कॅथेटर टाकला; तोवर कॅथेटर काढल्यानंतर घेतलेल्या कल्चरमध्ये २४ तासांहून अधिक काळ वाढ नव्हती.

या दुसऱ्या कॅथेटरसाठी चार गोष्टी लेखी ठरल्या. डायलिसिसव्यतिरिक्त तो कोणीही उघडणार नाही, जीव वाचवण्यासाठी उघडावाच लागला तर वेळ आणि कारण लिहून सही करायची. तोंड उघडण्यापूर्वी अल्कोहोलमधील क्लोरहेक्सिडिनने १५ सेकंद घासायचे आणि वाळू द्यायचे. पोव्हिडोन-आयोडिनचा बोळा फिरवून लगेच जोडण्याची जुनी पद्धत बंद. ड्रेसिंगची कड सुटली की त्याच पाळीत बदलायचे. आणि दररोज सकाळी राउंडला सिस्टरने मोठ्याने विचारायचे, 'हा कॅथेटर आज कशासाठी?' उत्तर नेफ्रॉलॉजिस्ट किंवा आयसीयूच्या डॉक्टरांनी शब्दांत द्यायचे, मान हलवून नव्हे.

परिणाम

नॉरअ‍ॅड्रेनलीन दहाव्या दिवशी बंद झाले. मेरोपेनेम कॅथेटर काढल्यापासून दहा दिवस दिले. आणखी पाच डायलिसिस लागले. सतराव्या दिवशी लघवी दीड लिटरच्या वर गेली आणि अठराव्या दिवशी सकाळच्या प्रश्नाला 'आता गरज नाही' हे उत्तर मिळून मानेतील कॅथेटर निघाला. पायावर एक शस्त्रक्रिया झाली. सव्विसाव्या दिवशी रुग्ण घरी गेला. तीन महिन्यांनी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३, म्हणजे जवळजवळ सामान्य, होते.

आठव्या दिवशी सकाळी रुग्णाच्या धाकट्या भावाने विचारले होते, "डॉक्टरसाहेब, साप तं पायाले चावला, मंग हे इन्फेक्शन मांडीतून कसं काय आलं?" त्याला तेव्हाच, स्पष्ट शब्दांत, नळीमार्गे जंतू गेले आणि ती लवकर काढायला हवी होती असे सांगितले. व्यवस्थापनाला ही भाषा रुचली नव्हती. मात्र त्या संसर्गामुळे वाढलेल्या दिवसांचे आयसीयू शुल्क न घेण्याचा निर्णय शेवटी त्यांनीच केला, आणि कुटुंबाने उपचार मध्येच सोडले नाहीत यात या दोन्ही गोष्टींचा वाटा होता.

काय वेगळे करता आले असते

प्रकरणाच्या चर्चेत पहिले उत्तर आले ते 'मांडीत टाकला म्हणून'. ते सोपे होते आणि मला ते अपुरे वाटते. २००८ मध्ये फ्रान्समधील आयसीयूंत झालेल्या चाचणीत डायलिसिस कॅथेटरवर जंतू बसण्याचे प्रमाण मान आणि मांडी यांत एकंदरीत सारखेच आढळले होते. स्थूल रुग्णांत मांडी वाईट ठरली, तर सडपातळ रुग्णांत उलट मान. आमचा रुग्ण सडपातळ होता. जुलाब सुरू होईपर्यंत मांडीची जागा वाईट नव्हती, जुलाब सुरू झाल्यावर मात्र ती टिकवण्याजोगी राहिली नाही, आणि योगायोगाने त्याच चौथ्या दिवशी मान उपलब्ध झाली होती. खाटेवरच्या रुग्णातही मांडीतील तात्पुरता कॅथेटर पाच दिवसांपलीकडे ठेवू नये, असे अमेरिकेतील 'केडोकी' या मूत्रपिंडविकार उपक्रमाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत म्हटले होते. केवळ दिवस भरले म्हणून कॅथेटर बदलण्याला आजचे नियम पाठिंबा देत नाहीत हे खरे, पण येथे दिवस भरणे हे कारण नव्हतेच. कारण बदललेली परिस्थिती हे होते.

महागडी लॉक द्रावणे आणावीत अशीही सूचना आली. टॉरोलिडिन (जंतुनाशक) आणि हेपरिनच्या लॉकला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, परंतु ती कायमस्वरूपी डायलिसिसवरील प्रौढांसाठी. आयसीयूतील रुग्णांत इथेनॉलचे लॉक वापरून पाहिलेल्या फ्रेंच चाचणीत संसर्ग कमी झाले नव्हते. जे तोंड दिवसातून तीनदा नोंदीशिवाय उघडले जाते, त्याच्या आत कोणते द्रावण भरले आहे हा प्रश्न दुय्यम आहे, म्हणून तो खर्च आम्ही केला नाही. त्याऐवजी क्लोरहेक्सिडिनयुक्त ड्रेसिंग आणि रोजचे क्लोरहेक्सिडिनचे अंग पुसणे डायलिसिस कॅथेटर असलेल्या रुग्णांसाठी सुरू केले, आणि अल्ट्रासाउंड वापरून हाताची शीर घेणे रात्रपाळीच्या प्रत्येक डॉक्टरला शिकवले. या तिन्हींपैकी सर्वांत उपयोगी ठरले ते शेवटचे.

सातव्या दिवसाच्या संध्याकाळबद्दल मतभेद अजून आहेत. त्या वेळी डायलिसिस तिथेच थांबवून कॅथेटर काढायला हवा होता असे माझे मत आहे, कारण पोटॅशियम ५.४ असताना औषधांवर ३६ तास निघतात हे आम्ही दुसऱ्याच दिवशी, अधिक आजारी रुग्णात, करून दाखवले. नेफ्रॉलॉजिस्ट सहकाऱ्यांचे म्हणणे असे की डायलिसिस पूर्ण झाल्यामुळेच ते ३६ तास मिळाले. या युक्तिवादात तथ्य आहे. निदान प्रतिजैविक साडेदहाऐवजी सहा वाजता, कल्चर घेताक्षणी, द्यायला हवे होते यावर मात्र दोघांचेही एकमत आहे.

आता डायलिसिस कॅथेटरची मालकी लेखी ठरली आहे: नळी शरीरात असेपर्यंत ड्रेसिंग, नोंद आणि रोजचा प्रश्न आयसीयूच्या सिस्टरकडे, जोडणे, सोडणे आणि लॉक टेक्निशियनकडे, काढण्याचा निर्णय दोघांपैकी जो डॉक्टर आधी पोहोचेल त्याच्याकडे. टेक्निशियन बाहेरच्या संस्थेकडून येतात आणि वर्षातून दोन-तीनदा बदलतात, त्यामुळे १५ सेकंद घासून वाळू देण्याचा धडा दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी खाटेशेजारी उभे राहून पुन्हा द्यावा लागतो. तो देण्याचे काम सध्या त्याच सिस्टरकडे आहे, जिने तिसऱ्या रात्री निळी नळी उघडली होती. ते तिने स्वतःहून मागून घेतले.